अकरा ॲडमिन असलेल्या साइटचं काय करायचं?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा. नाशिकमधलं स्थानिक बातम्यांचं पोर्टल, वर्डप्रेस या साइट चालवायच्या सॉफ्टवेअरवर चालणारं. अकरा माणसं काम करतात आणि अकराही जण ॲडमिन, म्हणजे साइटवर काहीही बदलू शकणारे. त्यातले चौघे तर एकच लॉगिन वापरतात. गेल्या महिन्यात मुख्य पानावरचा जाहिरातीचा पट्टा गायब झाला, कुणाच्या हातून ते शेवटपर्यंत कळलं नाही. आता सिंहस्थासाठी त्र्यंबक, सिन्नर, निफाड, येवल्याकडचे पंधरा-वीस वार्ताहर जोडायचे आहेत. कुणाला कोणता रोल, म्हणजे अधिकारांचा कोणता संच, द्यायचा? आणि ज्यांनी हे पोर्टल उभं केलं त्या अण्णांचा ॲडमिन काढला तर त्यांना वाईट वाटेल, त्याचं काय?

अण्णांबद्दलचं वाक्य तुम्ही शेवटी घातलंय, पण मला ते सगळ्यात महत्त्वाचं वाटलं. मी सतरा वर्षं नाशिकमध्ये बसून साइट सांभाळण्याचं काम करतेय. शिक्षणसंस्था, पतसंस्था, द्राक्ष निर्यात करणारे, दोन साप्ताहिकं. रोल नीट लावायला एक दुपार पुरते. वेळ जातो तो लोकांना हे पटवण्यात की ॲडमिन हे पद नाही. अध्यक्ष आहेत म्हणून ॲडमिन, सगळ्यात जुने आहेत म्हणून ॲडमिन, साहेबांच्या मुलाला कॉम्प्युटरमधलं कळतं म्हणून ॲडमिन. माणसाला मान द्यायचा असेल तर 'आमच्याविषयी' पानावर त्याचं नाव सर्वांत वर घाला, फोटो मोठा लावा. लॉगिनमध्ये काय उघडतं आणि काय नाही, हे मात्र तो माणूस दिवसभरात साइटवर नेमकं काय करतो त्यावरूनच ठरायला हवं.

ही माझी कल्पना नाही. साल्टझर आणि श्रोडर या दोन संगणकशास्त्रज्ञांनी १९७५ मध्येच लिहून ठेवलंय की प्रत्येक माणसाला आणि प्रत्येक प्रोग्रामला कामापुरतेच अधिकार असावेत. ओवास्प ही संस्था वेबसाइटच्या धोक्यांची यादी काढते. तिच्या २०२१ च्या यादीत पहिला क्रमांक अधिकारांच्या सदोष व्यवस्थेचा आहे, म्हणजे ज्याला जे करता येऊ नये ते करता येणं.

आता वर्डप्रेसमध्ये हे चालतं कसं ते बघू, कारण ते कळलं की पुढचे निर्णय तुम्हाला स्वतःला घेता येतील. अगदी सुरुवातीला वर्डप्रेसमध्ये शून्य ते दहा अशा पायऱ्या होत्या. २००५ च्या डिसेंबरमध्ये २.० आवृत्ती आली आणि त्या जागी रोल आले. रोल म्हणजे फक्त एक पिशवी. त्या पिशवीत सुट्या परवानग्या असतात: लेख लिहिणे, प्रसिद्ध करणे, दुसऱ्याचा लेख बदलणे, फाइल चढवणे, प्लगइन (साइटला जोडायचं जादा सॉफ्टवेअर) बसवणे वगैरे. ॲडमिनिस्ट्रेटर, एडिटर, ऑथर, काँट्रिब्यूटर, सबस्क्रायबर या पाच तयार पिशव्या मिळतात. त्यातली एखादी परवानगी काढता येते, घालता येते, किंवा तुमची स्वतःची सहावी पिशवी शिवता येते. हे सगळं डेटाबेसमध्ये लिहिलं जातं. म्हणून रोल बदलणारं प्लगइन तुम्ही नंतर काढून टाकलं, तरी त्याने दिलेल्या परवानग्या मागे राहतात. दोन संस्थांमध्ये मी पाहिलंय: प्लगइन काढून तीन वर्षं झालेली आणि सबस्क्रायबरला फाइल चढवायची परवानगी तशीच चालू.

तुमच्या वार्ताहरांपासून सुरुवात करते. बाहेरगावच्या वार्ताहराला काँट्रिब्यूटर द्या. तो लिहील, 'सबमिट फॉर रिव्ह्यू' दाबेल आणि कॉपी डेस्कवर, म्हणजे उपसंपादकांकडे, थांबेल. डेस्कने ती प्रसिद्ध केली की त्याला ती बदलता येत नाही. बातमी बाहेर गेल्यावर तिच्यात गुपचूप फेरफार होऊ नये, ही वृत्तपत्राची शिस्त इथे आपोआप पाळली जाते.

अडचण फोटोची. काँट्रिब्यूटरला फाइल चढवता येत नाही, आणि रामकुंडावर गर्दीत उभ्या असलेल्या वार्ताहराकडे बातमीपेक्षा फोटोच आधी असतो. मग होतं काय, की पहिल्याच आठवड्यात कुणीतरी वैतागून सगळ्यांना ऑथर करून टाकतं. तसं करू नका. ऑथर स्वतःच स्वतःची बातमी प्रसिद्ध करू शकतो आणि प्रसिद्ध झालेली स्वतःची बातमी काढूनही टाकू शकतो. पर्वणीच्या, म्हणजे मुख्य स्नानाच्या, दिवशी चेंगराचेंगरीची एक न तपासलेली ओळ तुमच्या नावाने बाहेर गेली, तर नंतर काढून उपयोग नाही. दहा मिनिटांत ती व्हॉट्सॲपवर शहरभर झालेली असते.

काढून टाकण्याबद्दलही सांगते. एका साप्ताहिकात मानधनावरून वाद होऊन एक वार्ताहर निघून गेला. त्याच रात्री घरी बसून त्याने आपल्या दोन वर्षांच्या बातम्या काढून टाकल्या. रोल ऑथर होता, तेव्हा यंत्रणेच्या दृष्टीने त्याने काहीच वावगं केलं नव्हतं. वर्डप्रेसची कचरापेटी साधारणपणे तीस दिवस सांभाळते. त्यांच्या लक्षात आलं दीड महिन्याने, तेही एका वाचकाने जुनी बातमी मागितली म्हणून. होस्टिंगवरचे बॅकअप तोवर पुसले गेले होते. माझ्याकडे एक जुनी प्रत होती, त्यातून निम्म्याअधिक बातम्या परत आणता आल्या. उरलेल्या गेल्या. त्यात एका गावच्या पाणीटंचाईची मालिका होती, आणि ती गेल्याचं मला अजूनही वाईट वाटतं.

तेव्हा करायचं असं: 'वार्ताहर' नावाचा नवा रोल बनवा. काँट्रिब्यूटरच्या परवानग्या घ्या आणि त्यात फक्त फाइल चढवायची परवानगी घाला. 'यूजर रोल एडिटर' किंवा 'मेंबर्स' या प्लगइनने हे पाच मिनिटांत होतं. जिल्ह्यातले वीसच्या वीस जण या एका रोलमध्ये बसतात.

पण फाइल चढवायची परवानगी दिली की दुसरी एक गोष्ट समजून घ्यावी लागते, आणि बातमीच्या धंद्यात ती फार गंभीर आहे. ज्याला फाइल चढवता येते त्याला मीडिया लायब्ररी दिसते, इतरांनी चढवलेल्या फायलींसकट. आणि लायब्ररीत गेलेली प्रत्येक फाइल इंटरनेटवर उघड्या पत्त्यावर असते. लेख ड्राफ्ट असो, खासगी असो की पासवर्ड घातलेला असो, त्यातली पीडीएफ किंवा फोटो तसा नसतो. पत्ता माहीत असलेला कुणीही लॉगिन न करता ती उघडू शकतो, आणि अपलोडचे फोल्डर वर्ष-महिन्यानुसार लावलेले असल्याने पत्त्याचा अंदाज बांधणं अवघड नसतं.

याचा अर्थ काय, बघा. वार्ताहर पोलीस ठाण्यातून एफआयआरच्या प्रतीचा फोटो काढतो आणि 'संदर्भासाठी' म्हणून ड्राफ्टला जोडतो. डेस्क बातमी नीट लिहितं, पीडितेचं नाव कुठेही येऊ देत नाही, सगळं व्यवस्थित. पण नाव-पत्त्यासकट ती प्रत तुमच्याच साइटवर उघडी पडलेली असते. लैंगिक अत्याचाराच्या पीडितेची ओळख उघड करणं हा भारतीय न्याय संहितेच्या कलम ७२ खाली गुन्हा आहे, आणि मूल असेल तर पॉक्सोचं, म्हणजे मुलांवरच्या लैंगिक अत्याचारांविरुद्धच्या कायद्याचं, कलम २३ आहे. कायदा बाजूला ठेवला तरी त्या मुलीच्या गावात ते नाव पोहोचलं तर तिचं काय होईल, हा विचार आपण करायलाच हवा. म्हणून नियम एकच: साइटच्या लायब्ररीत छापायचंच चित्र जाईल. कागदपत्रं, एफआयआर, आधार, पंचनामे यांच्यासाठी ऑफिसचं वेगळं ड्राइव्ह ठेवा आणि ते फक्त डेस्कच्या दोघांना उघडू द्या. आणि या आठवड्यात लायब्ररीतल्या सगळ्या पीडीएफ एकदा डोळ्याखालून घाला. वीस वर्षं जुनी संस्था असो की दोन वर्षं जुनं पोर्टल, मी उघडलेल्या जवळजवळ प्रत्येक लायब्ररीत कुणाचं तरी आधार कार्ड सापडलंय.

उपसंपादकांना एडिटर द्या. सगळ्यांच्या बातम्या बदलणं, प्रसिद्ध करणं, प्रतिक्रिया तपासणं, वर्ग आणि टॅग लावणं, एवढं त्यांचं काम त्यात होतं. प्लगइन, थीम, इतरांची खाती त्यांना दिसत नाहीत. मात्र एडिटरला 'साधा' रोल समजू नका. एकट्या साइटवर (म्हणजे एकाच वर्डप्रेसवर अनेक साइट नसतील तर) एडिटरला लेखात कुठलाही एचटीएमएल टाकता येतो, जावास्क्रिप्टसुद्धा. म्हणजे एडिटरचं लॉगिन चोरीला गेलं तर चोर लेखात स्क्रिप्ट पेरू शकतो, आणि ॲडमिनने तो लेख उघडला की त्याच्या नकळत पुढचं काम ती स्क्रिप्ट करते. कॉन्फिग फाइलमध्ये एक ओळ घालून ही मुभा बंद करता येते. त्यानंतर काही एम्बेड, म्हणजे दुसऱ्या साइटवरून लेखात बसवलेले तुकडे, चालेनासे होतात. डेस्कला विचारून बघा, बहुतेक वेळा यूट्यूबची नुसती लिंक टाकूनही व्हिडिओ दिसतो, त्यामुळे अडत नाही.

जाहिरातीचा पट्टा काढला कुणी, हे आता सापडणार नाही. वर्डप्रेस लेखांच्या जुन्या आवृत्त्या ठेवतं, पण विजेट (पानावर जागोजागी बसवायचा जाहिरातीसारखा तुकडा) कुणी हलवलं याची नोंद स्वतःहून ठेवत नाही. जाहिरात विभागाच्या माणसाला ॲडमिन दिलेला असतो तो फक्त हा पट्टा बदलता यावा म्हणून. तिथेच दुरुस्ती करा. जाहिरातींसाठी असलेल्या काही प्लगइनमध्ये स्वतःची वेगळी परवानगी असते. ती दिली की त्या माणसाला जाहिराती दिसतात आणि बाकी काही दिसत नाही. हिशेब बघणारे आणि एसईओवाले, म्हणजे गूगलच्या शोधात साइट वर आणणारे, बाहेरचे कन्सल्टंट यांना तर साइटचं लॉगिन लागतच नाही. ॲनालिटिक्स आणि सर्च कन्सोल या गूगलच्या आकडेवारीच्या सेवांचा बघण्यापुरता प्रवेश त्यांना त्यांच्या ई-मेलवर देता येतो.

उरले ॲडमिन. दोन ठेवा. एक तुमच्याकडचा, एक साइट सांभाळणाऱ्याचा. आणि या दोघांनीही रोजच्या कामासाठी वेगळं एडिटर खातं वापरायचं. कारण ज्या खात्यावरून बातमी प्रसिद्ध होते त्याचं नाव लेखकाच्या पानाच्या पत्त्यात दिसतं. वर्डप्रेसची लॉगिन चौकटसुद्धा नाव चुकलं आणि पासवर्ड चुकला यांचे वेगवेगळे संदेश देते, म्हणजे नाव बरोबर आहे की नाही ते चोराला तिथेच कळतं. युजरनेम हे गुपित आहे असं वर्डप्रेस करणारे मानतच नाहीत, तेव्हा आपणही त्यावर विसंबू नये. डॅशबोर्डातूनच थीमच्या फायली बदलायची सोय कॉन्फिग फाइलमधल्या 'डिसअलाऊ फाइल एडिट' या एका ओळीने बंद करा. ती सोय चोरांनाच जास्त उपयोगी पडते. आणि 'सेटिंग्ज'मध्ये जाऊन दोन गोष्टी पाहा: 'कुणीही नोंदणी करू शकतो' यावर खूण नको, आणि नव्या सदस्याचा ठरावीक रोल सबस्क्रायबरच हवा. सदोष प्लगइनमधून शिरणारे नेमक्या याच दोन जागा बदलतात आणि मग समोरच्या दाराने ॲडमिन म्हणून नोंदणी करतात.

गंगापूर रोडवरच्या एका संस्थेतली एक संध्याकाळ सांगते. गूगलवर त्यांचं नाव शोधलं की खाली जपानी अक्षरांत स्वस्त घड्याळांच्या जाहिराती येत होत्या. साइट उघडली तर सगळं ठीक दिसायचं. पासवर्ड बदलले, प्लगइन अद्ययावत केलं, दोन दिवसांनी पुन्हा तेच. मी युजर्सचं पान उघडून नुसती बघत बसले होते. वर लिहिलं होतं 'ॲडमिनिस्ट्रेटर (३)'. खाली नावं दोन. पुन्हा मोजली, दोनच. तिसरा ॲडमिन डेटाबेसमध्ये होता आणि एक बनावट प्लगइन त्याची ओळ यादीतून लपवत होतं. लपवणाऱ्याने नाव झाकलं होतं, आकडा बदलायचा राहून गेला होता. काही मालवेअर आकडाही बदलतं, म्हणून शंका आली की होस्टिंगच्या पॅनेलमधून थेट डेटाबेसचा युजर्सचा तक्ता उघडून मोजावं. तुमच्याकडे आज अकरा ॲडमिन आहेत. बारावा आला तर तुमच्या डोळ्याला खटकेल का? दोन असले की तिसरा लगेच दिसतो. ॲडमिन कमी ठेवण्याचा माझ्या मते हा सगळ्यात मोठा फायदा.

आता लॉगिन. चौघांचं एक लॉगिन आजच बंद करा, बाकीचं सगळं पुढच्या आठवड्यात केलंत तरी चालेल. एकाचा पासवर्ड फुटला तर चौघांपैकी कुणाचा, ते कळत नाही. एक जण सोडून गेला तर बाकी तिघांची गैरसोय नको म्हणून पासवर्ड बदलला जात नाही. आणि चूक झाली की चौघेही एकमेकांकडे बघतात. तुमच्या ऑफिसात जाहिरातीच्या पट्ट्यावरून जे वातावरण झालं असेल ते मी न बघताही सांगू शकते. स्वतंत्र लॉगिनने प्रामाणिक माणसाचीही शंकेतून सुटका होते, हे सहकाऱ्यांना अवश्य सांगा.

पासवर्ड दर महिन्याला बदलायची सक्ती करू नका. लोक शेवटचा आकडा बदलतात, एवढंच होतं. अमेरिकेतल्या निस्ट या मानक संस्थेनेही २०१७ पासूनच्या मार्गदर्शक सूचनांत ठरावीक मुदतीची सक्ती नको, लांबी हवी, असं म्हटलंय. गावाचं नाव, ॲट, एक-दोन-तीन हा पासवर्ड मला इतक्या ठिकाणी सापडलाय की साइट ताब्यात घेतल्यावर मी आधी तोच घालून बघते. बिटवॉर्डनसारखी पासवर्डची तिजोरी वापरा. ते जमत नसेल तर एकमेकांशी संबंध नसलेले चार-पाच मराठी शब्द रोमन अक्षरांत सलग लिहा, आणि तो पासवर्ड दुसरीकडे कुठेही वापरू नका. दुसऱ्या एखाद्या साइटवरून फुटलेले ई-मेल आणि पासवर्ड घेऊन यंत्रं सगळीकडे घालून बघत असतात, म्हणून 'दुसरीकडे नको' हा भाग लांबीइतकाच महत्त्वाचा.

वार्ताहरांना एक गोष्ट तोंडी सांगा, लिहून पाठवली तर वाचत नाहीत. सीबीएस बसस्थानकाजवळच्या झेरॉक्सच्या दुकानात किंवा मित्राच्या लॅपटॉपवर लॉगिन केलं, तर 'रिमेंबर मी'वर खूण करायची नाही. खूण नसेल तर लॉगिन दोन दिवस टिकतं, खूण असेल तर चौदा. ब्राउझर बंद केला की बाहेर पडलो, असं समजू नये. 'लॉग आउट' दाबायचं, आणि विसरलो तर घरी येऊन स्वतःच्या प्रोफाइलमधून 'बाकी सगळीकडून बाहेर पडा' हे बटण दाबायचं.

एडिटर आणि ॲडमिन यांना लॉगिनचा दुसरा टप्पा, म्हणजे पासवर्डनंतर मागितला जाणारा कोड, सक्तीचा करा. वर्डप्रेसमध्ये तो मुळात नसतो, प्लगइनने बसवावा लागतो. वर्डप्रेसच्या संकेतस्थळाने प्लगइन आणि थीम लिहिणाऱ्यांना ऑक्टोबर २०२४ पासून तो बंधनकारक केलाय, यावरून त्याचं वजन लक्षात येईल. एसएमएसने येणाऱ्या ओटीपीपेक्षा ऑथेंटिकेटर ॲप घ्या. त्यातला सहा आकडी कोड दर तीस सेकंदांनी फोनमध्येच तयार होतो, त्याला मोबाइलची रेंज लागत नाही. पर्वणीच्या दिवशी हे फार उपयोगी पडेल. कक्षातल्या वायफायवर तुमचं काम चालू असेल, पण लाखोंच्या गर्दीत एसएमएस अर्ध्या तासाने आला तर बातमी तिथेच अडकेल. फोनचं घड्याळ मात्र आपोआप जुळणारं ठेवा, ते पुढे-मागे असेल तर कोड चालत नाही. आणि ॲप जोडताना दिसणारे रिकव्हरी कोड त्याच वेळी कागदावर छापून घ्या. फोन पाण्यात पडला की हे आठवून उपयोग नसतो.

ॲप्लिकेशन पासवर्ड नावाचा एक प्रकार २०२० च्या शेवटी, ५.६ आवृत्तीत आला. मोबाइल ॲप किंवा बाहेरच्या सेवेला साइटशी जोडायला तो वापरतात. मुख्य पासवर्ड बदलला तरी तो चालूच राहतो आणि त्याला दुसरा टप्पा लागत नाही. प्रत्येकाच्या प्रोफाइलच्या तळाशी त्यांची यादी असते. ओळखीचा नसेल तो रद्द करा.

साइटबाहेरचे दरवाजेही पाहा. होस्टिंगचं पॅनेल, डोमेनचं (साइटच्या नावाचं) खातं, एफटीपी (सर्व्हरवर थेट फायली चढवायची वाट), आणि ज्या ई-मेलवर पासवर्ड बदलायची लिंक येते तो ई-मेल. होस्टिंग ज्याच्या हातात आहे तो डेटाबेसमध्ये जाऊन स्वतःला केव्हाही ॲडमिन करू शकतो, मग आत तुम्ही रोल कितीही नीट लावा. नाशिकमध्ये मी बघितलेल्या कितीतरी संस्थांचं डोमेन साइट बनवणाऱ्या मुलाच्या वैयक्तिक जीमेलवर आहे. तो आता पुण्यात किंवा बाहेरदेशी नोकरीला, फोन उचलत नाही, आणि डोमेनचं नूतनीकरण तोंडावर. त्याची काही वाईट भावना नसते, पण अडतं तुमचं. डोमेन पोर्टलच्या नावावर आणि ऑफिसच्या ई-मेलवर घ्या, सिंहस्थाची धावपळ सुरू व्हायच्या आत.

माणूस सोडून जातो त्या दिवशी काय करायचं, हे आधीच ठरवून ठेवा. खातं लगेच डिलीट करू नका. डिलीट करताना वर्डप्रेस विचारतं की याचं लिखाण काढून टाकायचं की दुसऱ्याच्या नावावर करायचं. घाईत चुकीच्या ठिकाणी टिचकी पडली की सगळ्या बातम्या साइटवरून जातात. दुसऱ्याच्या नावावर केल्या तर ज्याने उन्हातान्हात फिरून बातमी आणली त्याचं नाव पुसलं जातं. तेही बरोबर नाही, माणूस गेला तरी श्रेय त्याचंच. म्हणून आधी खात्याचा ई-मेल बदलून ऑफिसचा करा, नाहीतर 'पासवर्ड विसरलो' दाबून तो परत येऊ शकतो. मग पासवर्ड बदला, ॲप्लिकेशन पासवर्ड काढा, आणि रोलच्या जागी 'या साइटवर कोणताही रोल नाही' निवडा. नाव बातमीवर राहतं, दार बंद होतं.

सिंहस्थाच्या वार्ताहरांसाठी हे विशेष करून. २०१५ च्या सिंहस्थात मी एका ठिकाणी तात्पुरती खाती काढून दिली होती. चार वर्षांनी दुसऱ्या कामासाठी ती साइट उघडली, तेव्हा ती सगळी खाती जिवंत होती. तेव्हापासून तात्पुरतं खातं काढतानाच मी त्याच्या नावात बंद करायचा महिना लिहिते आणि ऑफिसच्या कॅलेंडरमध्ये नोंद टाकते. मुख्य स्नानं २०२७ च्या ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये आहेत. ज्यांना पुढेही ठेवायचं नाही त्यांची खाती ऑक्टोबर संपेपर्यंत बंद झालेली असावीत.

नोंदींसाठी 'सिंपल हिस्टरी' किंवा 'डब्ल्यूपी ॲक्टिव्हिटी लॉग' यांपैकी एक बसवा. कुणी कधी लॉगिन केलं, काय बदललं, कुठलं विजेट हलवलं, सगळं दिसतं. सर्ट-इन या केंद्र सरकारच्या सायबर सुरक्षा संस्थेच्या २८ एप्रिल २०२२ च्या निर्देशांनुसार संगणक यंत्रणांच्या नोंदी १८० दिवस ठेवाव्या लागतात, आणि साइटमध्ये घुसखोरी किंवा अनधिकृत बदल झाल्याचं लक्षात आल्यापासून सहा तासांत तिला कळवावं लागतं. प्लगइनची मुदत आधीपासून ६० दिवस वगैरे असू शकते, ती वाढवून घ्या.

तुमच्या भावाच्या संस्थेची साइट जूमला या वर्डप्रेससारख्याच दुसऱ्या सॉफ्टवेअरवर आहे, असंही तुम्ही लिहिलंय. तिथे गट एकाखाली एक असतात आणि वरच्या गटाला 'नकार' दिला की खालच्या गटाला 'परवानगी' देऊनही ती लागू होत नाही. तासन् तास यात जातात. नकार शक्यतो वापरूच नये, परवानगी न देणं पुरेसं असतं. ड्रूपल हे तसलंच तिसरं सॉफ्टवेअर असतं तर पहिल्या क्रमांकाच्या खात्याबद्दल सांगितलं असतं: त्याला मुळात सगळ्या परवानग्या असतात, म्हणून ते रोजच्या कामाला कधीच वापरू नये.

आता अण्णा. त्यांना न सांगता रोल बदलू नका. एखाद्या सकाळी लॉगिन केलं आणि मेनू निम्मा झालेला दिसला, तर त्यांना जे वाटेल ते कुठल्याही स्पष्टीकरणाने भरून येणार नाही. त्यांच्याजवळ बसा, चहा घ्या, आणि त्यांना विचारा की गेल्या वर्षभरात तुम्ही साइटवर काय काय केलंत. बहुतेक ते सांगतील की रोज सकाळी बातम्या वाचतो, एखादं शुद्धलेखन सुधारतो, रविवारचा लेख लिहितो. हे सगळं एडिटरमध्ये होतं, त्यांचं काहीच कमी होत नाही. उलट त्यांच्या फोनवरून चुकून एखादं प्लगइन बंद पडण्याची भीती जाते.

आणि मग त्यांना एक खरी जबाबदारी द्या, मी दोन ठिकाणी दिली आहे. ॲडमिनचं तिसरं, राखीव खातं काढा. कुणीही रोज वापरायचं नाही असं. त्याचा पासवर्ड, त्याचे रिकव्हरी कोड, होस्टिंग आणि डोमेनच्या खात्यांची माहिती हे सगळं एका कागदावर छापा. पाकिटात घालून ते चिकटवा, चिकटवलेल्या जागेवर अण्णांची सही आणि तारीख घ्या, आणि पाकीट त्यांच्या कपाटात ठेवा. तुम्ही आणि साइट सांभाळणारा दोघेही एकाच वेळी हाताशी नसाल तर ते त्यांनी उघडायचं, एरवी नाही. उघडलं की त्याच दिवशी पासवर्ड बदलून नवं पाकीट करायचं. दर सहा महिन्यांनी ते शाबूत आहे का हे अण्णांनीच बघायचं आणि तारखेखाली पुन्हा सही करायची.